बसायचं मशीन

नव्वदच्या दशकात महाप्याच्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो, तिथे यंत्रांपेक्षा गवत जास्त होतं. शेड एका कोपऱ्यात आणि बाकी सगळीकडे पावसाळ्यात माजलेलं हिरवं रान. आमच्या साहेबांना त्या रानाला लॉन म्हणायची हौस होती. ते लॉन राखायचं काम एकट्या मामांकडे. मामा म्हणजे आमचे माळी. करावे गावचे, अंगाने काटक, बोलायला कमी. विळा आणि ढकलायचं एक कुरकुरणारं मशीन, एवढ्यावर त्यांनी ते रान वर्षानुवर्षं आवरलं होतं.

मामांचं एकच दुखणं होतं आणि ते त्यांनी एकदा चहा पिता पिता मला सांगितलं. त्यांच्या एका मेव्हण्याचा टेम्पो होता, दुसऱ्याची रिक्षा. हळदीच्या कार्यक्रमाला दोघं गाड्या घेऊन दारात हजर व्हायचे आणि सगळ्यांदेखत विचारायचे, भावजी, तुमची गारी कुठं लावली? मामांना सायकलसुद्धा येत नव्हती. लोक हसायचे, मामीही पदराआड हसायच्या, आणि मामांना मेव्हण्यांपेक्षा त्या हसण्याचं जास्त लागायचं.

अशात आमच्या परदेशी भागीदार कंपनीने भेट म्हणून गवत कापायचं मशीन पाठवलं. खोका फोडला तर आतून लालभडक, चार चाकांचं, स्टिअरिंगवालं प्रकरण निघालं. वर बसून चालवायचं. सोबतची पुस्तिका जपानीत होती, त्यामुळे ती उकाड्यात वारा घ्यायला कामी आली. हे मशीन चालवणार कोण, तर मामा. त्या दिवशी मामा घरी गेले ते माळी म्हणून नव्हे, डायवर म्हणून.

साहेबांनी फर्मान काढलं की मशीनचं उद्‌घाटन खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची, कामगार बायकामुलांना घेऊन यायचे, जेवण असायचं. आणि मशीनवर बसण्याचा पहिला मान अर्थात साहेबांचा. आमचे फोरमन साताऱ्याकडचे, मानपानाच्या बाबतीत एकदम कडक. त्यांनी सीटवर नवा कोरा लाल कपडा अंथरला, वर नारळ ठेवला आणि सगळ्यांना तंबी दिली की साहेब टेकल्याशिवाय इथे कोणी टेकायचं नाही.

पूजेच्या सकाळी आम्ही मशीन चालू करून बघायला गेलो. म्हणजे आजूबाजूला उभे राहून. फोरमननी वाकून हाताने पॅडल दाबलं, मी बाजूने चावी फिरवली. काहीच नाही. खरखर नाही, धुसफुस नाही. पेट्रोल पाहिलं, भरलेलं होतं. प्लग काढला, पुसला, लावला. मग फोरमननी तोच प्लग काढला, पुसला, लावला, कारण माझ्या पुसण्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. बॅटरी ट्रकच्या बॅटरीला जोडली. फ्यूज बघितला. पात्यांचा दांडा वर-खाली केला. मग वेल्डिंगवाले, कँटीनवाले, वॉचमन असे सगळे जमले आणि प्रत्येकाने एकेक रोग सांगितला. कोणी म्हणालं, जपानी मशीनला इथलं पेट्रोल सोसत नाही. मला भयंकर राग आला होता, पण नवीन नोकरी, त्यामुळे मूग गिळून चावी फिरवत राहिलो. एवढ्या सगळ्या उठाठेवीत सीटवरचा नारळ मात्र जागचा हलला नाही. त्याला आम्ही फारच जपलं.

मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून थोडे लांब उभे होते. शेजारी मामी, नाकात नथ, हिरवं लुगडं. मामा मधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि मी नजर चुकवायचो. काम मशीनचं अडलं होतं, पण जीव मामांचा टांगणीला लागला होता.

आरतीच्या आधी साहेब आले. बंद मशीनवर चारचौघांत बसून शोभा करून घेणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी लांबूनच विचारलं, आम्ही लांबूनच मान हलवली. मग ते शांतपणे म्हणाले की पुन्हा खोक्यात घाला आणि आपल्या पुण्याच्या कारखान्याला पाठवून द्या, त्यांच्याकडे चांगले मेकॅनिक आहेत. हा टोमणा मला आणि फोरमनना होता, पण तोंड उतरलं मामांचं. साहेब आरतीला आत गेले. फोरमननी निमूटपणे नारळ उचलला, कपड्याची घडी घातली. आता मानही संपला होता आणि पानही.

मामा मामींना घेऊन जेवणाच्या मांडवाकडे वळले. मामी जागच्या हलेनात.

"तुमी बसा तं खरं," त्या म्हणाल्या. "चालू होवं दे नायतं र्‍हावं दे. मी तुमाला बसलेलं बगाला आलेय."

मामांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमन दुसरीकडे बघायला लागले, म्हणजे परवानगी होती. मामा चपला काढून, मशीनच्या पाया पडून वर चढले. एस.टी.च्या ड्रायव्हरसारखे ताठ बसले, स्टिअरिंग धरलं, पाय पॅडलवर रोवला आणि मामींना दाखवायला म्हणून चावी फिरवली.

मशीन धडधडायला लागलं. माझ्या हातातला पाना पायावर पडला.

आवाज ऐकून साहेब आरती सोडून बाहेर आले. साहेबांना बघताच मामा सवयीने ताडकन उठून उभे राहिले, आणि मशीन बंद. मामा घाबरून खाली बसले, चावी फिरवली, मशीन चालू. साहेब आणखी जवळ आले, मामा पुन्हा उभे, मशीन पुन्हा गप्प. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मशीनला वर माणूस बसलेला लागत होता, आणि सकाळपासून आम्ही सगळ्यांनी मिळून तेवढं एक सोडून बाकी सगळं केलं होतं.

मी साहेबांना जमेल तसं समजावून सांगितलं. साहेबांनी त्या सीटकडे पाहिलं. पहिला मान गेलेला होता, हे त्यांनाही दिसत होतं. आमच्या कारखान्यात साहेबांसमोर कधी कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बसा मामा," ते म्हणाले. "मी समोर असलो तरी उठू नका."

फोरमननी पाती, गिअर सगळं समजावलं आणि मामा निघाले. पहिली फेरी वाकडीतिकडी, मांडवाचा एक बांबू जेमतेम वाचवून. साहेब उभे, फोरमन उभे, आम्ही सगळे उभे, आणि मामा बसलेले. मामींनी हसायला पदर तोंडाशी नेला होता, तो तसाच डोळ्यांना लावला. मलाही काहीतरी झालं, आता सांगायला लाज कसली.

पंगत बसली, वरण-भात वाढून झाला, तरी मामांच्या फेऱ्या चालूच. कापायला आता गवतही उरलं नव्हतं. मी धावत शेजारी गेलो आणि ओरडून सांगितलं की जेवायला चला, नुसतं उठून उभे राहिलात तरी गाडी बंद होईल.

"म्हनून तं उठत नाय," मामा म्हणाले, आणि मामी बसल्या होत्या त्या बाजूला त्यांनी स्टिअरिंग वळवलं.