बंद खात्यातून आलेली हरकत

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. ऑफिसच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आमच्या शिपायाची सगळ्यात जास्त चेष्टा मीच करते. लोणावळ्यात वाढले, घाटातल्या धुक्यात बाई दिसल्याच्या गोष्टी ढिगाने ऐकल्या... मला धुक्यात आजवर फक्त राँग साइडने येणारे टुरिस्ट दिसलेत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण ऑफिसात यावर कुणी बोलत नाही आणि मला तर पोटात ठेववत नाही.

वडगाव मावळला एका सरकारी खात्याचं कार्यालय आहे, खात्याचं नाव नको. मी तिथे जनमाहिती अधिकारी. माहिती अधिकारात कुणी काही मागितलं की द्यायचं की नाही ते ठरवायचं, आणि चुकलं तर दंड आपल्या पगारातून भरायचा, असं हे मानाचं पद.

आमच्याकडे दत्ताभाऊ म्हणून वरिष्ठ लिपिक होते. तिकोणा गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेचे. गेल्या वर्षी नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेले. त्यांचं सरकारी ईमेल खातं पुण्याच्या आयटी विभागाने रीतसर बंद केलं, बंद करण्याआधी बॅकअप घेतला आणि तो आमच्याकडे आला. तो कुणी उघडून बघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मग अर्ज आला. दत्ताभाऊंच्या कार्यालयीन खात्यावरचे ‘कार्यालयीन व वैयक्तिक’ सगळे मेल पाहिजेत. अर्जदार सुदामराव, म्हणजे दत्ताभाऊंचे सख्खे चुलतभाऊ. धरणाच्या बाजूची सामाईक जमीन त्यांना बंगल्यांच्या स्कीमला विकायची होती. दत्ताभाऊंची मुलगी रेश्मा सही करत नव्हती, आणि पोरगी डोक्याने बरी नाही असं सुदामराव गावभर सांगत फिरत होते. आता त्यांना कोर्टात दाखवायला कागद हवा होता.

कागद होता, हीच तर पंचाईत. निवड करायची तर वाचावं लागणार, म्हणून बॅकअपची प्रिंट काढून वाचायला बसले आणि थबकले. रेश्मा पुण्यात हॉस्टेलला असताना खूप आजारी पडली होती. मनाने. दत्ताभाऊंनी त्यासाठी डॉक्टरांना लिहिलेले मेल त्यात होते. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत दोन बोटांनी टाइप करून तिला पाठवलेले. ‘डबा खाल्लास का. गोळी घेतली का. आज गडावर ढग उतरलेत,तू असतीस तर फोटो काढला असतास.’ स्वल्पविरामानंतर जागा सोडायची त्यांना कधीच सवय लागली नाही, मी त्यावरून त्यांना किती वेळा टोकलं होतं. मुलीची उत्तरंही होती. ती मी वाचली नाहीत. उलटी करून ठेवली.

माझ्या मते हे द्यायचं नव्हतं. पण साहेब नवे. ते म्हणाले, सरकारी यंत्रणेवरचा मेल म्हणजे सरकारी रेकॉर्ड, देऊन टाका, उगाच अपिलाची कटकट नको. मी म्हटलं, निदान त्रयस्थ पक्षाची नोटीस तरी काढू. म्हणजे ज्याची माहिती आहे त्याला विचारायचं, बाबा, तुझी हरकत आहे का.

आणि इथे माझी सवय नडली. आमच्याकडे कर्मचाऱ्याला नोटीस म्हणजे त्याच्या ऑफिसच्या मेलवर. वर्षानुवर्षं हेच. नोटीस तयार केली, पत्त्यात ‘द’ टाइप केलं, कॉम्प्युटरने दत्ताभाऊंचा पत्ता पुढे केला आणि मी पाठवूनही दिली. गेलेल्या माणसाला, बंद खात्यावर. लक्षात आल्यावर कपाळावर हात मारला. परत येईलच, मग घरी पोस्टाने पाठवू, असं म्हणून कामाला लागले. चूक कुणाला सांगितली नाही.

नोटीस परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सुदामराव माझ्या टेबलासमोर येऊन बसले. साहेबांना भेटूनच आले होते. प्रिंटचा गठ्ठा आमच्या दोघांच्या मध्ये पडलेला, नुसता हात लांब करायचा अवकाश. त्यांची नजर त्यावरच होती.

“सरकारी मशीनवर लिवलंय ना त्यानं? मंग ते जनतेचं हाय,” ते म्हणाले. “साहेब व्हय म्हनलेत. तुमी का आडवून धरताय?”

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात स्क्रीनवर मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी दत्ताभाऊंचं पूर्ण नाव. मला वाटलं माझी नोटीस परत आली. उघडला.

‘मॅडम,नोटीस मिळाली. माझी हरकत आहे. ऑफिसचं काय ते द्या,पोरीचं तेवढं देऊ नका. ती आता बरी आहे.’

स्वल्पविरामांनंतर जागा नव्हती. घाबरले, हे सरळच सांगते. समोर सुदामराव विचारत होते, काय झालं मॅडम, पाणी देऊ का. मी गठ्ठा उचलला, कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि त्यांना म्हटलं, हरकत आली आहे, वैयक्तिक पानं मिळणार नाहीत.

“कुनाची हरकत?” त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही सांगता आलं नाही. निर्णय लेखी मिळेल एवढंच म्हटलं.

ते गेल्यावर पुण्याला आयटीला फोन लावला. तिथला माणूस भला, त्याने बराच वेळ शोधलं. म्हणाला, मॅडम, असा पत्ताच आता सिस्टिममध्ये नाही, तुमची नोटीस परतच यायला हवी होती. मी आलेला मेल त्याला पाठवला. त्याने तो तिथूनच तपासला. मग म्हणाला, हा बाहेरून आलेला नाही, आपल्याच यंत्रणेतून आलाय... आणि तुम्ही तो डिलीट करा. मी केला नाही.

साहेबांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, हा फाइलला लावू नका म्हणाले, आणि वैयक्तिक माहितीचं कलम लावून मी लिहिलेल्या नकारावर मान डोलावली. पुढे सुदामरावांचं अपील त्यांच्यासमोरच आलं, तेही त्यांनी फेटाळलं. कलम पुरेसं होतं. मेल कुठेही वापरला नाही.

पण डोक्यातून जाईना. पासवर्ड घरच्यांकडे असेल, रेश्मानेच पाठवला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. रविवारी स्कूटर काढली आणि कामशेतवरून तिकोणा पेठ गाठली. दत्ताभाऊंच्या पत्नीने चहा ठेवला. सुदामरावांनी असा अर्ज केलाय हेच त्या मायलेकींना माहीत नव्हतं.

“पासवर्ड बिसवर्ड आमाला काय ठावं न्हाई, ताई,” त्या म्हणाल्या. “त्यांचा फोन कवाच बंद पडलाय. तसाच ठिवलाय.”

रेश्मा शांतपणे ऐकत होती. नीट, ठणठणीत मुलगी, गावातल्या शाळेत शिकवते. मी त्या हरकतीच्या मेलची प्रिंट तिच्या हातात दिली. तिने वाचली. स्वल्पविरामांवरून बोट फिरवलं. मला वाटलं रडेल. तिने फक्त विचारलं, “मॅडम, हा पत्ता चालू आहे?”

नियमाने ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

“मी लिहून बघितलं तर चालेल?”

मी होकारार्थी मान हलवली. ती फोन घेऊन ओट्यावर गेली. मी आत बसून गार झालेला चहा प्यायले. बऱ्याच वेळाने ती मला सोडायला स्कूटरपर्यंत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा इतका निवांत होता की मला काही विचारवेना.

तो मेल कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आयटीवाल्याकडेही नाही. रेश्मा अधूनमधून बाजारात भेटते, बरी असते, सही अजून केलेली नाही. तिला उत्तर आलं का, हे मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तो त्या दोघांचा खाजगी पत्रव्यवहार आहे.