सड्यावरचा चिरा

काल कुंपणाजवळचा जांभा चिरा उचलला, तर खाली पिवळं पडलेलं चौकोनी गवत दिसलं आणि रत्नागिरीचा सडा, तो गावाबाहेरचा उघडा कातळमाळ, डोळ्यांपुढे उभा राहिला. डिस्क गोल्फच्या, म्हणजे लांब चकती फेकायच्या खेळाच्या, स्पर्धा दिवाळीनंतर असायच्या. पावसाळाभर, सर थांबली की दादा मला सड्यावर सरावाला न्यायचा. लांबवर त्याने एक चिरा ठेवला होता. त्याच्यापलीकडे चकती टाकायची, एवढंच. चकत्या वेचून आणायचं काम त्याचंच. श्रावण संपेपर्यंत माझी प्रत्येक चकती चिऱ्यापलीकडे पडू लागली. "पुण्याच्या पोरी बघत राहतील," दादा म्हणायचा, आणि मी ते शाळाभर सांगत सुटले. एका सकाळी तो यायच्या आधीच मी पोचले, चकती टाकली आणि स्वतः आणायला गेले. चिऱ्यामागे हिरव्या गवतात एकापुढे एक चार पिवळे चौकोन होते. जितका लांबचा, तितका पुसट. पहिला पार करवंदीच्या जाळीपाशी. तेवढ्यात दादा आला. "रडतेस काय गो? तुझा हुरूप टिकावा म्हणून चिरा जरा जरा अलीकडे सरकवला हो," तो हसत म्हणाला. मी चकती त्याच्या हातात दिली ती कायमची. आजही कुणी माझं कौतुक केलं, की माझी नजर आधी जमिनीकडे जाते.