मान डोलवणारा पेशंट

पायसांदू शहरातल्या इस्पितळात सुल्मा अर्रिएता ही ऑपरेशनची नर्स. आमची गाठ माझ्या हर्नियामुळे पडली. मी म्हातारा नट. त्या दिवशी कवळी आणि कानातलं यंत्र काढून घेतल्यावर माझ्यात नट असा काही उरला नव्हता; सवय मात्र उरली होती. समोरच्याचं वाक्य ऐकू आलं नाही तर नट परत विचारत नाही, रुबाबात मान डोलवतो. वॉर्डबॉय वाल्तेरनं नाव घेतलं, मी डोलवली. ते नाव पित्ताशय काढायच्या माणसाचं होतं.

ऑपरेशनच्या टेबलाशी सुल्मानं माझ्या मनगटावरची पट्टी वाचली आणि सगळं थांबवलं.

"झालं नाही ना काही? मग विषय संपला," डॉक्टर इरियोंदो म्हणाले.

"झालं नाही तोवरच बोलूया, डॉक्टर. झाल्यावर वकील बोलतील."

थोडक्यात टळलेल्या चुका सांगा, म्हणून ती वर्षभर सगळ्यांच्या मागे लागली होती. नोकरीच्या भीतीनं कुणी तोंड उघडत नव्हतं. माझं ऑपरेशन पुढे ढकललं, तेव्हा ती खाटेशी आली. जुन्या कलावंताला आमच्याकडे मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणतात.

"मायेस्त्रो, नाटकात चुकलं की तुम्ही काय करता?"

"खेळानंतर माते, म्हणजे आपला कडू पानांचा चहा, त्याचा भोपळा फिरवतो. हातात येईल त्यानं एक घोट घ्यायचा आणि आपली फजिती सांगायची. सुरुवात नायकानं."

"आमचा नायक तयार नाही. उद्या आमच्या बैठकीला तुम्ही या."

आयुष्यभर मी रंगमंचावर बटलरच्याच भूमिका केल्या. नायकाची जागा मिळाली ती हर्नियामुळे.

दुसऱ्या दिवशी मी माझी डोलणारी मान साग्रसंगीत करून दाखवली. सगळे हसले. भोपळा वाल्तेरकडे गेला आणि हसू थांबलं.

"मी पट्टी बघितलीच नाही," तो खाली बघत म्हणाला.

सगळ्यांची नजर डॉक्टरांकडे. त्यांनी भोपळा मागून घेतला, एक लांब घोट घेतला.

"मागच्या महिन्यात मी उजवीऐवजी डावीकडे सुरी टेकवणार होतो. सुल्मानं हात धरला. वर मी तिच्यावरच ओरडलो."

वाल्तेरला कुणी रागावलं नाही. त्याच दिवशी ठरलं, पेशंटला त्याचं नाव सांगायचं नाही, विचारायचं. आणि बहिऱ्याचं यंत्र शेवटपर्यंत कानात ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला नेताना वाल्तेरनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

इतक्या वर्षांत कुणी हे इतक्या आस्थेनं विचारलं नव्हतं. मी वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं सांगितली, मग गाजलेल्या भूमिका सुरू केल्या आणि तिसऱ्या बटलरपर्यंत पोचलो.

"नाव पुरे, मायेस्त्रो," सुल्मा म्हणाली. "बाकीचं शुद्धीवर आल्यावर."

शुद्धीवर आलो, तर ती खुर्ची ओढून बसली होती.

"हं, तिसरा बटलर. पुढे?"