काळ्या दरवाजावरचे पपा

ट्रियर हे जर्मनीतलं फार जुनं, रोमन लोकांनी वसवलेलं शहर. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. आई गेल्यावर पपांना हवापालट म्हणून मी त्याच्याकडे घेऊन गेले. पपा पाचूबंदरचे कोळी, सारं आयुष्य वसईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी होडी लावण्यात गेलेलं.

भाऊ कामावर गेला तसे आम्ही दोघं जुनं गाव बघायला निघालो. बाजारचौकातल्या कारंज्याचा फोटो काढला, वळून पाहिलं तर पपा नाहीत. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये.

आधी मी हाका मारल्या. मग धावत सुटले. मोठ्या चर्चमध्ये गेले, बाकांवरचं एकेक पांढरं डोकं पुढे जाऊन पाहिलं. एकही आपलं नव्हतं. बाहेर येऊन भावाला फोन लावला. "तिथेच थांब, मी निघालो," तो म्हणाला. थांबवतंय कोणाला! पपांना इथली भाषा येत नाही, खिशात पत्ता नाही, आणि अंगात नुसता सदरा.

रस्त्याच्या टोकाला रोमन काळातला दगडी दरवाजा आहे, काळाठिक्कर, तीन मजली. सहज वर नजर गेली. वरच्या मजल्यावरच्या कमानीत पपांचा निळा सदरा. पर्यटकांच्या घोळक्याबरोबर ते आत शिरले असावेत.

जिना चढून गेले तर ते कठड्यावर पार ओणवे झाले होते.

"पपा, मागे या!"

"बाय, पानी कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. "ओहोटी लागली. होडी चिखलात बसंल."

मी त्यांचा दंड धरला. "पपा, हा आपला किल्ला नाही. आपण जर्मनीत आहोत."

त्यांनी माझा हात झटकला. "मला शिकवते? माझा किल्ला मला कळत नाय?" त्यांनी एक पाय कठड्यावर टेकवला. आजूबाजूची माणसं थबकली.

मी आवाज खाली आणला. "होडी वर ओढून बांधलीय पपा. मी बघून आले."

"दोर घट्ट बांधला?"

"दोन गाठी मारल्यात."

 मग त्यांनी पाय खाली घेतला. मी त्यांचं मनगट धरलं ते जिना संपेपर्यंत सोडलं नाही.

खाली भाऊ धापा टाकत पोचला होता. त्याला पाहताच पपा म्हणाले, "तू कामावर नाय गेला आज?" अगदी नेहमीच्या सुरात. भावाने त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

घरी विसरभोळेपणा म्हणून आम्ही हसण्यावारी नेत होतो, ते आजारपण होतं. पपांना कायमचं जर्मनीतच ठेवून घ्यायचं भावाच्या मनात होतं. त्या संध्याकाळी त्याने स्वतःच आमचं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं.

"वसईला निदान समुद्र तरी खरा असेल," तो म्हणाला.