मागच्या खोलीतला शिपाई

"मॅडम, कागद दाखवा, नाहीतर ही ओळ काढा," आमचे साहेब म्हणाले.

पनवेलमधली एक जुनी सरकारी कचेरी दुरुस्त होणार होती. त्याआधी तिच्यात कोण कोण राहून गेलं, याचा रिपोर्ट माझ्या गळ्यात पडला. मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारी. वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांचं क्वार्टर. त्यांची नावं, बदल्या, सगळं सापडलं. मागची खोली मात्र नकाशात 'स्टोअर', आणि मी लिहिलेलं, 'शिपाई व कुटुंब'.

ते मला पळस्प्याच्या हिराबाईंनी सांगितलं होतं. वय ऐंशीच्या पुढे. नवरा धर्माजी तिथे शिपाई. त्या खोलीत त्यांनी संसार केला, थोरली मुलगी तिथेच झाली. पण घरात कुणाला खरं वाटेना. कचेरीत कुणी राहतं का, म्हणून नातसुना हसायच्या. "तू लिव बाय," एवढंच त्या म्हणाल्या. मी हो म्हणून बसले होते, आणि शब्द फिरवणं मला जमत नाही.

क्वार्टरच्या रजिस्टरात धर्माजी नव्हता. शिपायाला खोली तोंडीच दिलेली, कागद कुठून असणार? मग मी बारनिशी काढली, म्हणजे आल्यागेल्या टपालाची नोंदवही, आणि तिच्यावरून जुने गठ्ठे सोडत बसले. शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. साहेब रोज विचारायचे, झालं का संशोधन? मी पुढचा गठ्ठा सोडायला घ्यायचे.

पाचव्या दिवशी एक मेमो मिळाला. 'मागील खोलीतील आपल्या अपत्याच्या रडण्याने कामकाजात व्यत्यय येतो. खुलासा करावा.' खाली धर्माजीचं उत्तर: 'मुलीला दात येत आहेत. दुपारी मी तिला बाहेर नेत जाईन. पत्नीस कोणी काही बोलू नये, ही विनंती.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "राहू दे ओळ," म्हणाले.

झेरॉक्स घेऊन मी पळस्प्याला गेले आणि वाचून दाखवलं.

"जेवायच्या सुट्टीत रोज पोरीला घेऊन चिंचंखाली जायाचा," हिराबाई म्हणाल्या. "मी भांडायची, उनात कशाला नेतस, आदी जेव. तसाच उपाशी कामावर जायाचा. मना कदी बोलला नाय."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? नातसुनांना बोलावू का, असं मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कागद पदराखाली घेतला.

तेव्हापासून कुठल्याही कचेरीत शिपायाचा माग काढायचा असला की मी आधी तक्रारींची फाइल मागते. कौतुकाच्या फायलीत तो नसतोच.