दिनकररावांना भूत दिसत नव्हतं

नाटक मंडळी चालवणाऱ्याकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. कारंज्यात मी शाळामास्तर. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये तालमी घ्यायचो. पाच वर्षांत नाटकं तीनच झाली, पण किस्से इतके की मी सुरू झालो की बायको उठून आत जाते. त्यातल्या एकाच नाटकाचे सांगतो.

नाटक माझंच. थोरला भाऊ आजारी धाकट्याकडे वेळेवर जात नाही, धाकटा मरतो आणि भूत होऊन समोर येतो. मग थोरल्याच्या मनातलं पाप चेहऱ्यावर दिसतं. थोरला झाले सरकीचे व्यापारी दिनकरराव. भूत झाले रहीमभाई शिंपी, कारण पांढरं कापड त्यांच्याकडेच होतं.

*

दिनकरराव घाबरायलाच तयार नाहीत. भूत आलं की हे छाती काढून उभे. समोर प्रेक्षकांत आपलीच गिऱ्हाइकं बसलेली असतात, त्यांच्यापुढं भ्यायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

"मास्तर, मी कायले भेऊ? हा तं रहीम आहे. सकाळीच याच्या दुकानात चहा पेलो."

भूत म्हणजे रहीमभाई नव्हे, तुमचं मन, हे मी अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, मन साफ आहे.

*

रहीमभाईंची तऱ्हा उलटी. त्यांना वाक्य एकच, "मी तुला कधीही क्षमा करणार नाही." ते असं म्हणायचे, जणू सदरा उद्यापर्यंत होणार नाही म्हणून गिऱ्हाइकाची समजूत काढतायत.

पहिल्या प्रयोगाला तर मापाची पट्टी गळ्यात तशीच राहिली. एका पाटलांना तो यमाचा फास वाटला. त्यांनी कल्पनेबद्दल माझी पाठ थोपटली.

*

तिसऱ्या अंकात मागचा काळ होता. दोघं भाऊ लहान, आई एका ताटात भरवते. आई पहिल्याच अंकात मेलेली. ते काम सखाराम माळ्याकडे. मालेगावला पुढं बसलेल्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "हे तं मेली होती ना?"

सखारामनं घास खाली ठेवला. "मावशी, हे मांगचं चालू आहे. अजून मी जित्ती आहो."

म्हातारीचं समाधान झालं. हेच समजावं म्हणून मी दोन पानी स्वगत लिहिलं होतं!

*

शेवटचा प्रयोग आसेगावला. महिन्याभरापूर्वी दिनकररावांचा सख्खा धाकटा भाऊ, बाबू, तिथंच तापानं गेला होता. सरकीचा हंगाम होता. दोन निरोप आले तेव्हा दिनकरराव निघाले नाहीत, तिसऱ्याला निघाले. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. प्रयोग रद्द करू, असं मी सुचवलं. ते म्हणाले, गाडी जुंपा.

भूत आलं. दिनकररावांनी छाती काढली नाही. ते मटकन खाली बसले.

"बाबू, मी येऊनच राह्यलो होतो रे."

हे वाक्य नाटकात नव्हतं. मी विंगेतून वही धरून पुढचं वाक्य सांगत राहिलो, दोनदा, तीनदा. कुणी घेतलं नाही. आता सगळी मदार रहीमभाईंच्या त्या एका वाक्यावर.

रहीमभाई पुढं आले. मग वाकले आणि दिनकररावांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

"मले मालूम होतं, दादा. रस्ता लय लांब आहे."