सुरूच्या शेंड्यावरचा तारा

भर दुपारी लव्हिनाचा डोळा लागू पाहतोय. शेजारी जोआना तापानं फणफणून झोपलीय. लेकीच्या श्वासाकडे कान लावून पडल्या पडल्या तिचीही पापणी जड होते. वसईतल्या साऱ्या अंगणांत नाताळचे तारे लागलेत. तिच्या माहेरच्या या घरात मात्र यंदा तारा नाही, झाड नाही. पपांना जाऊन वर्ष व्हायचंय, घराला दुखवटा आहे. पण जोआनाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शवपेटी उचलली त्या दिवशी लव्हिनानंच तिची समजूत घातली होती, "आजोबा नाताळचं झाड आणायला गेलेत." मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या बाईला 'मेले' एवढा शब्द काही उच्चारता आला नाही. तेव्हापासून पोर वाट बघतेय.

"चल, आटप," पपा म्हणतात.

ते खाटेच्या पायथ्याशी उभे आहेत. अंगात शवपेटीत ठेवताना घातलेला कोट, हातात कोयता.

"कुठे, पपा?"

"कुठे म्हणजे? झाड आणायला गेलोय ना मी? तूच सांगितलंस. पावसाळ्यापासून फिरतोय. मनाजोगं एक सापडेल तर शपथ."

खाटेखाली वाळू आहे. चहूबाजूंनी किनाऱ्यावरचं सुरूचं बन सूं सूं करतंय. पपा एकेका रोपाला हात लावतात आणि नाक मुरडतात.

"हे वाकडं. हे बोडकं, तुझ्या नवऱ्यानं एकदा आणलं होतं तसलं."

लव्हिनाला हसू येतं. जोआना तिच्या कडेवर आहे आणि तिचं अंग गार लागतंय. ताप उतरला म्हणून लव्हिनाला बरं वाटतं. मग वाटत नाही.

"आजोबा, ते," जोआना बोट दाखवते.

ते झाड कबरस्तानात उभं आहे, पण बुंध्याशी आईच्या स्वयंपाकघरातली लादी आहे. पपा सजवायला घेतात. बर्फ म्हणून फांद्यांवर कापूस पसरतात. पुरत नाही. मग ते आपल्या नाकपुडीतला कापूस ओढून काढतात, बोटांनी नीट पिंजतात आणि फांदीवर ठेवतात. मग दुसऱ्या नाकपुडीतला.

"पपा, नका ना."

"अगं, वाया कशाला घालवायचा?"

झाड वाढतंय. शेंडा छपरातून वर गेलाय, दिसतही नाही. पपांच्या हातात आता कोयत्याऐवजी कागदाचा तारा आहे.

"पोरीला दे इकडे. तारा दरवर्षी तीच लावते."

"यंदा नको. बरं नाही तिला."

"म्हणून तर म्हणतो. हलकी झालीय. भुर्रकन वर जाईल."

जोआना झेपावते. पपा तिचा एक हात धरतात, लव्हिना दुसरा. पोर दोघांमध्ये ताणली जाते, तरी हसतेय. पपांच्या चेहऱ्यावर राग नाही, हेच भयंकर आहे. दरवर्षीच्याच मायेनं ते तिला ओढताहेत.

"तुम्ही झाड आणायला गेला नाहीत, पपा," लव्हिना म्हणते. "तुम्ही मेलात. मी तिला खोटं सांगितलं."

पपा थांबतात. आपल्या वाळूनं भरलेल्या पायांकडे बघतात.

"मला तरी सांगायचंस, बाय," ते म्हणतात. "किती चाललो मी."

आणि ते हात सोडतात.

"मम्मी, दुखतंय."

जोआना जागी आहे, डोळ्यांत पाणी. अंग अजून कढत आहे. त्या कढतपणाला गाल लावून लव्हिना पडून राहते. मग उठून बसते.

"आजोबा मेले, बाळा. ते झाड घेऊन येणार नाहीत."

जोआना डोळे पुसते. "मग कोण आणणार?"

"यंदा कुणी नाही."

पोर हट्ट करत नाही. नुसतं मनगट पुढे करते. "इथं फुंकर घाल."

मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठलेत. लव्हिना त्यांवर आपली बोटं ठेवून बघते. एकही बोट इकडचं तिकडे होत नाही.